समाजकार्य आणि गुन्हेशास्त्र एकत्र शिकताना: प्रवेशापासून फील्डवर्कपर्यंत

१९३९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शेजारशेजारच्या शहरांत मुलांना गुन्हेगारीपासून दूर ठेवण्यासाठी एक उपक्रम सुरू झाला. कल्पना डॉ. रिचर्ड कॅबट यांची. याच कॅबटांनी १९०५ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात रुग्णांसाठी समाजकार्य सुरू केलं होतं. त्यांनी ५०६ मुलगे निवडले, वय, घरची परिस्थिती, स्वभाव पाहून त्यांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या कोणाला मदत मिळणार हे नाणं उडवून ठरवलं. ज्यांच्या वाट्याला मदत आली त्यांच्या घरी समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा जायचे, तेही सरासरी पाच वर्षं. शिकवणी, डॉक्टर, सुट्टीतली शिबिरं, घरातली भांडणं, सगळ्यात ते पाठीशी उभे राहिले.

तीसेक वर्षांनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांना, म्हणजे तोवर प्रौढ झालेल्या माणसांना, शोधून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी सांगितलं की आम्हाला फार उपयोग झाला. १९७८ मध्ये छापून आलेले आकडे मात्र वेगळंच सांगत होते. गुन्ह्यांचं प्रमाण घटलं नव्हतंच, उलट पुन्हा गुन्हा करणं, दारूच्या व्यसनाची लक्षणं, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू या बाबतींत मदत मिळालेल्यांची अवस्था जोडीतल्या मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती.

समाजकार्याच्या वर्गात हे सांगितलं की चेहरे पडतात. गुन्हेशास्त्राच्या वर्गात लोक उत्साहाने तक्ते मागतात. दोन्ही विषय एकत्र शिकणाऱ्याला दोन प्रश्न पडले पाहिजेत: त्या घरांत समुपदेशक आणि मुलगा यांच्यात नक्की काय घडत होतं? आणि मदत न मिळालेला दुसरा गट ठेवलाच नसता तर आपण आजही या उपक्रमाचं कौतुक करत बसलो असतो का? माझ्या मते हे दोन प्रश्न एकाच डोक्यात राहावेत एवढ्यासाठीच हा जोड अभ्यासक्रम करावा. त्यासाठी काय काय करावं लागतं ते आता क्रमाने सांगते.

आधी पदवीचा कागद वाचा

'समाजकार्य आणि गुन्हेशास्त्र' या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. एक, दोन स्वतंत्र पदव्या एकत्र, म्हणजे वर्षं जास्त आणि प्रमाणपत्रं दोन. दोन, एकच पदवी पण दोन्ही विषय निम्मे-निम्मे. तीन, मूळ पदवी समाजकार्याची आणि गुन्हेशास्त्र हे विशेषीकरण. चार, आधी गुन्हेशास्त्रात बीए आणि मग समाजकार्यात मास्टर्स. माहितीपत्रकात चारही सारखीच आकर्षक दिसतात, पण नोकरीच्या दारात त्यांची किंमत सारखी नसते.

कारण साधं आहे. समाजकार्य हा बऱ्याच देशांत नोंदणीचा व्यवसाय आहे. इंग्लंडमध्ये 'सोशल वर्कर' हे नाव नोंदणीशिवाय लावता येत नाही. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक संघटनेची मान्यता असलेल्या पदवीत किमान १,००० तासांचं फील्डवर्क, म्हणजे संस्थांत जाऊन देखरेखीखाली केलेलं प्रत्यक्ष काम, असावं लागतं. अमेरिकेत मान्यताप्राप्त बॅचलर पदवीला ४०० तास आणि मास्टर्सला ९०० तास लागतात. गुन्हेशास्त्राला असा परवाना नसतो. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या निम्म्या-निम्म्या पदवीत नेमका फील्डवर्कचा हिस्सा कापलेला असेल, तर तीन-चार वर्षं शिकूनही तुम्ही समाजकार्यकर्ते म्हणून नोंदणीला पात्र ठरत नाही. हे तिसऱ्या वर्षी कळून रडकुंडीला आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

प्रवेश घेण्याआधी विभागाला लेखी विचारा: ही पदवी समाजकार्याच्या नोंदणीला चालते का? फील्डवर्कचे तास किती आणि त्यातले न्याययंत्रणेशी संबंधित संस्थांत किती? फील्डवर्कचे दिवस आणि गुन्हेशास्त्राची लेक्चर्स एकाच वेळी येतात का? हा तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण त्याचं उत्तर देताना समोरचा अडखळला तर ओळखा की दोन्ही विभाग एकमेकांशी बोलत नाहीत. तिथे तुम्ही दोन अर्धे कोर्स कराल आणि सांधा स्वतःच जुळवत बसाल.

तुमच्यावर कधी काळी एखादा गुन्हा दाखल झाला असेल तर तेही आत्ताच विचारून घ्या. लहान मुलं किंवा कैदी यांच्याबरोबर काम करायचं तर पार्श्वभूमी तपासली जातेच. नोंद आहे म्हणून दार कायमचं बंद असं नसतं, पण लपवलेली नोंद नंतर सापडली तर प्रकरण हाताबाहेर जातं.

आणखी एक, गुन्हेशास्त्र म्हणजे फॉरेन्सिक प्रयोगशाळा नाही आणि खुन्याचं मन ओळखणारा मालिकेतला तपासनीसही नाही. त्या ओढीने येणार असाल तर पहिल्या सेमिस्टरलाच कंटाळाल.

प्रवेशाआधीचे दोन-तीन महिने

जाडजूड ग्रंथ वाचू नका. दोन कामं करा.

पहिलं, आपल्या देशात अटकेपासून सुटकेपर्यंत माणूस कुठून कुठे जातो याचा नकाशा मोठ्या कागदावर काढा. पोलीस ठाणं, पहिली हजेरी, जामीन, कोठडी, आरोपपत्र, खटला, शिक्षा, परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन, तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं राहणं), तुरुंग, सुटका. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी लिहा: निर्णय कोण घेतं, किती मुदतीत घेतं, आणि त्या क्षणी त्या माणसाच्या बाजूने कोण उभं असतं. तिसऱ्या रकान्यात बऱ्याच जागा रिकाम्या राहतात. समाजकार्याचं काम तिथेच असतं.

दुसरं, एक अख्खा दिवस खुल्या न्यायालयात बसा. बालन्यायालयाचं काम सहसा बंद दाराआड चालतं, पण प्रौढांच्या कनिष्ठ न्यायालयात मागच्या बाकावर बसता येतं. हातात वही ठेवा आणि प्रत्येक प्रकरणाला किती मिनिटं मिळाली ते लिहा. आरोपीला किती वेळा बोलायला मिळालं, त्याचे नातेवाईक कुठे उभे होते, पुढची तारीख त्यांना समजली का, हेही लिहा. मोठ्या भाषणांची अपेक्षा असते आणि बघायला मिळतात भराभर पडणाऱ्या तारखा. ती वही जपून ठेवा. दुसऱ्या वर्षी 'न्यायप्रक्रिया' शिकताना ती पाठ्यपुस्तकापेक्षा कामी येते.

सिद्धांत शिकायची एक युक्ती

पहिल्या वर्षी सिद्धांतांचा मारा होतो आणि विद्यार्थी नावं आणि साल पाठ करतात. मी एक वेगळी पद्धत सुचवते. एक काल्पनिक मुलगा मनात धरा. वय पंधरा, वर्गातल्या मुलाचा फोन चोरला, पकडला गेला. आता प्रत्येक सिद्धांताला एकच प्रश्न विचारा: मग सोमवारी सकाळी मी काय करू?

रॉबर्ट मर्टन (१९३८) सांगतात की समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथे पोहोचायची शिडी सगळ्यांना देत नाही. म्हणजे सोमवारी मला त्याच्या शाळेकडे, फीकडे, पुढच्या शिक्षणाकडे बघायचंय. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके (१९४२) यांनी शिकागोत दाखवलं की वस्तीतली माणसं बदलली तरी काही भागांत बालगुन्हेगारी तशीच टिकून राहते. मग एकट्या मुलाला समोर बसवून काय होणार? वस्तीत उतरावं लागेल.

ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड माट्झा (१९५७) माझे आवडते, कारण ते कान देऊन ऐकायला शिकवतात. मुलगा म्हणतो, "त्याच्या घरी तीन फोन आहेत." साइक्स आणि माट्झा म्हणतील, बघा, इजा झालीच नाही असं तो स्वतःला पटवतोय. म्हणजे चूक काय हे त्याला कळतं, नाहीतर सबब शोधायची गरजच पडली नसती. ट्रॅव्हिस हर्शी (१९६९) प्रश्नच उलटा करतात: बाकीची मुलं चोरी का करत नाहीत? कारण कुणाशी तरी बांधलेली असतात. मग मी विचारीन, "हे कळल्यावर कुणाला वाईट वाटू नये असं तुला वाटतं?" तो आजीचं नाव घेईल किंवा फुटबॉलच्या कोचचं. सोमवारचं काम ठरलं.

आता हॉवर्ड बेकर (१९६३). एकदा 'चोर' हा शिक्का बसला की लोक त्याच नजरेने वागवतात आणि तोही हळूहळू तसाच वागू लागतो. त्यांचा सल्ला असा निघतो की शक्य असेल तर त्याला न्यायालयाच्या पायरीपासून लांब ठेवा आणि शाळेच्या रजिस्टरमधला शेरा जपून लिहायला सांगा. टेरी मॉफिट (१९९३) आणखी पुढे जातात. किशोरवयात नियम मोडणारी बहुतेक मुलं मोठी होता होता आपोआप थांबतात. आयुष्यभर त्याच वाटेने जाणारी थोडी असतात आणि त्यांच्या वागण्यातली अडचण फार लहानपणी दिसू लागते. याचा अर्थ, या मुलाच्या बाबतीत कदाचित फार काही न करणं हेच बरं. मदत करायला आलेल्या विद्यार्थ्याला हे पचवायला सर्वांत जड जातं.

या मांडणीतले काही सल्ले एकमेकांना छेद देतात हे तुमच्या लक्षात आलं असेल: मर्टन शाळा-शिक्षणात लक्ष घालायला लावतात, मॉफिट फार काही न करायला. परीक्षेच्या उत्तरात तो छेद लपवू नका. तिथे चर्चा करणाऱ्यालाच चांगले गुण मिळतात.

हे दोन विषय वेगळे कधी झाले, हाच खरं तर प्रश्न आहे. १८४१ मध्ये बॉस्टनच्या जॉन ऑगस्टस नावाच्या चांभाराने दारूच्या आरोपातल्या एका माणसाला स्वतःच्या हमीवर सोडवलं आणि पुढे तेच काम आयुष्यभर केलं. परिवीक्षेचा उगम तिथे मानतात. १८९९ मध्ये शिकागोत पहिलं बालन्यायालय आलं, त्यामागे हल हाउस या तिथल्या समाजसेवी केंद्रातल्या समाजकार्यकर्त्या स्त्रियांचा रेटा होता. त्याच शहरातल्या विद्यापीठात पुढे गुन्ह्याचं समाजशास्त्र घडलं. पुढे विद्यापीठांनी वेगवेगळे विभाग उघडले आणि ते दुरावले.

आकड्यांना घाबरू नका, पण लगेच विश्वासही ठेवू नका

समाजकार्याकडे ओढा असलेले अनेक जण सांख्यिकीचा पेपर कसाबसा पास होऊन विसरतात. हे करू नका. किमान एवढं यायलाच हवं: टक्केवारी आणि दर यांतला फरक, तुलनेचा गट म्हणजे काय, आणि तक्त्याखालची बारीक टीप वाचायची सवय.

पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे म्हणजे घडलेले गुन्हे नव्हेत. घरातला हिंसाचार, लैंगिक छळ, लहानसहान चोऱ्या यांची मोठी संख्या कधी ठाण्यापर्यंत जातच नाही. म्हणून अमेरिकेत १९७० च्या दशकापासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून घरोघरी जाऊन 'तुमच्या बाबतीत काय घडलं' असं विचारणारी सर्वेक्षणं होतात. मोजण्याचे नियमही तपासा. भारतात एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या) मोजणीत एका प्रकरणात अनेक कलमं लागली तरी सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो. म्हणजे खुनासोबत झालेली चोरी तक्त्यात दिसत नाही.

'पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण' हा शब्द दिसला की थांबा. पुन्हा अटक, पुन्हा दोषसिद्धी की पुन्हा तुरुंग? एका वर्षात की पाच वर्षांत? एकाच गटासाठी या उत्तरांनुसार आकडा कितीतरी बदलतो. संस्था आपल्या अहवालात स्वाभाविकपणे सोयीची व्याख्या निवडतात. पुढे तुम्ही संस्थेत गेलात की तुम्हीही निवडाल, तेव्हा निदान ती लिहून तरी ठेवा.

फील्डवर्क

शिकण्याचा खरा भाग इथे आहे, म्हणून जरा थांबून बोलू.

पहिलं फील्डवर्क तुरुंगात मागू नका. सगळ्यांना तेच हवं असतं, पण तिथे नवख्या विद्यार्थ्याचा निम्मा वेळ परवानगी, गेट आणि वाट बघण्यात जातो. पहिल्या वर्षी शाळा, कुटुंब सल्ला केंद्र किंवा रुग्णालय घ्या आणि साधं बोलायला शिका. दुसऱ्या टप्प्यात पीडितांबरोबर काम करा. शेवटी परिवीक्षा, बालगृह किंवा तुरुंग. पीडितांची बाजू आधी ऐकलेली असली की आरोपीसमोर बसताना तोल राहतो. उलट क्रमाने गेलेले विद्यार्थी पीडिताला 'केसचा भाग' समजू लागतात, हे मी बऱ्याचदा अनुभवलंय.

न्याययंत्रणेतलं समाजकार्य इतर समाजकार्यापेक्षा एका बाबतीत वेगळं आहे. समोरचा माणूस स्वतःहून आलेला नसतो. त्याला पाठवलेलं असतं, आणि तुमचा अहवाल त्याचं स्वातंत्र्य ठरवू शकतो. मदत आणि पाळत, दोन्ही एकाच खुर्चीतून. वर्गात शिकवलेली गोपनीयता इथे पुरत नाही. म्हणून पहिल्या भेटीतली पहिली पाच मिनिटं तोंडपाठ असू द्या. साधारण अशी:

"मी विद्यार्थी आहे, माझ्या कामावर अमुक सुपरवायझर लक्ष ठेवतात. आपण जे बोलू त्यातलं बरंचसं माझ्याजवळ राहील. पण तुम्ही स्वतःला किंवा कुणाला इजा करणार आहात, किंवा एखाद्या लहान मुलाला धोका आहे, असं कळलं तर मला ते सांगावं लागेल. न्यायालयासाठी मी अहवाल लिहिणार आहे. तो देण्याआधी त्यातलं तुमच्याबद्दलचं मी तुम्हाला वाचून दाखवीन."

शेवटचं वाक्य बोललात तर ते पाळा. संस्थेचा नियम आड येत असेल तर ते बोलूच नका.

आता लिहिण्याबद्दल. एका विद्यार्थ्याचा पहिला गृहभेटीचा अहवाल असा होता: "घर अस्वच्छ. आई बेफिकीर, मुलाकडे लक्ष नाही. संगत वाईट." तीन वाक्यं, आणि एकही पाहिलेली गोष्ट नाही. मी त्याला विचारलं, तू काय बघितलंस? तासाभराने कागदावर हे उतरलं:

"सकाळी साडेअकराला गेलो. खोल्या दोन, माणसं सहा. मोरीत भांडी पडली होती. आई रात्रपाळी करून आठला घरी आली होती; बोलताना दोनदा तिचे डोळे मिटले. मुलाबद्दल विचारल्यावर तिने वर्ग, तुकडी, वर्गशिक्षिकेचं नाव न अडखळता सांगितलं. तो संध्याकाळी कुणाबरोबर असतो हे तिला माहीत नव्हतं, कारण सहाला ती कामावर निघते."

घर तेच, आई तीच. पहिला अहवाल वाचून मुलाला घराबाहेर काढायचा निर्णय होऊ शकतो. दुसरा वाचून संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मुलाची सोय काय, एवढाच प्रश्न उरतो. आणि फाइलीतला 'बेफिकीर' हा शब्द पुढचा प्रत्येक अधिकारी उतरवून घेतो. बेकरचा शिक्का बसतो तो असा, एका कंटाळलेल्या दुपारी लिहिलेल्या विशेषणातून. अहवाल लिहून झाला की त्यातली विशेषणं अधोरेखित करा आणि प्रत्येकाच्या जागी पाहिलेली किंवा ऐकलेली गोष्ट येते का बघा. ऐकीव असेल तर कुणाकडून ऐकली ते लिहा.

सुपरव्हिजनची वेळ कुणालाही बुडवू देऊ नका, सुपरवायझरलासुद्धा. तिथे दर वेळी निदान एक अशी गोष्ट सांगा जी तुम्हाला चुकल्यासारखी वाटते. एखाद्या आरोपीबद्दल घृणा वाटली, किंवा उलट तो फारच आवडला, तर तेही. दुसरं जास्त धोक्याचं असतं. झोप उडणं, घरच्यांवर चिडचिड, प्रत्येक अनोळखी माणसाचा संशय, यांतलं काही महिनाभर टिकलं तर समुपदेशकाकडे जा. विद्यापीठात सोय असते, ती वापरायला लाज कसली?

प्रबंध

कैद्यांच्या मुलाखतींवर प्रबंध करायची हौस असेल तर दोनदा विचार करा. परवानग्यांना महिने लागतात. शिवाय बंदिस्त माणसाने दिलेली संमती कितपत खुशीची, हा संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीचा पहिला प्रश्न असतो. नकार दिला तर आपलं काही बिघडेल, किंवा होकार दिला तर सुटका लवकर होईल, असं त्याला वाटत असू शकतं. त्याने आजवर उघड न झालेला गुन्हा तुम्हाला सांगितला तर कायद्याने तुम्हाला गप्प राहता येईलच असं नाही. म्हणून तसे प्रश्नच प्रश्नावलीत ठेवू नका.

पदवीच्या वेळात जमणारे आणि उपयोगाचे विषय वेगळे असतात: प्रसिद्ध झालेले न्यायनिर्णय, उपलब्ध आकडेवारी, यंत्रणेत काम करणाऱ्यांच्या मुलाखती, किंवा एखाद्या संस्थेच्या नाव काढून टाकलेल्या जुन्या फाइली. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब या गुन्हेशास्त्रज्ञांनी, ग्लुक या संशोधक दांपत्याने बॉस्टनमधल्या १,००० मुलांबद्दल दशकांपूर्वी जमवलेली माहिती पुन्हा उघडली. नोकरी, लग्न, सैन्यातली भरती यांमुळे माणसं गुन्ह्यापासून कशी दूर जातात हे त्यातून मांडलं. कागद जुने होते, फक्त प्रश्न नवा.

नोकरी शोधताना

जागा निघतात त्या परिवीक्षा, बालसंरक्षण, पीडित साहाय्य, व्यसनमुक्ती, सुटका झालेल्यांचं पुनर्वसन, विधी साहाय्य अशा ठिकाणी. संशोधन आणि धोरणाच्याही असतात, पण कमी. जाहिरातीत पदाचं नाव 'समन्वयक' किंवा 'अधिकारी' असं काहीही असू शकतं, तेव्हा नावापेक्षा कामाचं वर्णन वाचा. मुलाखतीला जाताना तुमचा एक गृहभेटीचा अहवाल, ओळख पटेल असं सगळं काढून, बरोबर न्या आणि तो कसा दुरुस्त केला ते सांगा. मग तुम्हीही त्यांना दोन प्रश्न विचारा: एका कार्यकर्त्याकडे एका वेळी किती केसेस असतात, आणि केस बंद झाल्यावर वर्षाने त्या माणसाचं काय झालं हे तुम्ही बघता का?